टीटीएफ-टीसीएनक्यूच्या सुयांची चकाकी गेली, पृष्ठभाग खराब झाला का?

पंचगंगा_पूर: मंडळी, एमएस्सीचा प्रोजेक्ट चाललाय, असिटोनायट्राइल या द्रावकामधनं टीटीएफ-टीसीएनक्यूचे (टीटीएफ आणि टीसीएनक्यू या दोन सेंद्रिय रेणूंचं, धातूगत वीज वाहणारं मटेरियल) क्रिस्टल काढलेत, काळ्याभोर सुया, तीन-चार मिलिमीटरच्या. जूनमध्ये आरशागत चमकत होत्या, आता कोल्हापूरचा पाऊस म्हणजे काय सांगायला नको, महिन्याभरात वर पांढुरकी साय आल्यागत झालंय आणि मल्टिमीटरवर रेझिस्टन्स दुप्पट. सर म्हणतात ओल लागली. पण हे मटेरियल हवेत टिकतं असं वाचलंय. मग वरचा थरच सुटतोय का? सबमिशन तोंडावर आलंय राव.

चारटोक्या: मल्टिमीटर म्हणजे दोन टोकं ना भावा? मग तू क्रिस्टल नाही, सिल्व्हर पेस्टचा जोड मोजतोयस. चार टोकं लाव (दोन करंटला, दोन व्होल्टेजला, म्हणजे जोडाचा रेझिस्टन्स मोजण्यात येत नाही), तीही सुईच्या लांबीवर, कारण सुई क्रिस्टलच्या बी अक्षावर, म्हणजे रेणूंच्या चळतीच्या दिशेनं वाढते आणि करंट त्याच दिशेनं पळतो. चांगल्या क्रिस्टलला तिकडं रूम टेंपरेचरला सेंटीमीटरला काही शे सीमेन्स (वाहकतेचं एकक) मिळतात, आडवं मोजलंस तर वाहकता शंभरपटीहूनही जास्त घटते.

रंकाळा_चौपाटी: वरच्याचं बरोबर, पण पृष्ठभागाचा प्रश्न पण खराच आहे. टीटीएफच्या वेगळ्या आणि टीसीएनक्यूच्या वेगळ्या चळती असतात, रेणू बी अक्षाला काटकोनात नाही तर तिरके, टीसीएनक्यू साधारण ३४ अंश आणि टीटीएफ २४.५. आतल्या रेणूला सगळीकडनं शेजारी धरून असतात, वरच्याचा एका बाजूचा शेजारीच गायब, त्यामुळं तो कलायला मोकळा. फोटोएमिशनमध्ये (प्रकाश टाकून पृष्ठभागातनं बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजतात) बँड, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा पट्टा, अपेक्षेपेक्षा रुंद दिसला तेव्हा वरचे रेणू वेगळ्या कोनात कलले असावेत असाही अर्थ लावला होता. पण कलले म्हणून लगेच सुटले असं नाही हं, एसटीएममध्ये (सुईच्या टोकानं रेणू दाखवणारा मायक्रोस्कोप) ताज्या कापलेल्या, ए आणि बी अक्षांच्या एबी पृष्ठावर टीसीएनक्यूचे तीन-तीन ठिपके रांगेत स्पष्ट दिसतात. तुझी साय मला सुई काढताना अंगावर राहिलेल्या द्रावणाची वाटते, सुकलं की बारीक भुकटी बसते. आणि ओव्हनमध्ये वाळवायच्या फंदात पडू नकोस, टीसीएनक्यू तापवलं की उडतं.

पंचगंगा_पूर: एक सुई मायक्रोस्कोपखाली ब्लेडनं चिरली, आतनं जूनसारखीच चकचकीत निघाली! दुसरीला थंड असिटोनायट्राइलचा एक थेंब दिला तर साय पण गेली. चार टोकांचा सेटअप सोमवारी मिळतोय, तोवर सरांना काही बोलत नाही.