पिठोरीची वेणी आईला माळायची की देवाला वाहायची?

परसातली अबोली
आमचं घर कुडाळजवळ. श्रावण अमावस्येला, म्हणजे पिठोरीला, आई चौसष्ट योगिनींची पूजा करते. खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरून, मागे न बघता विचारते, ‘अतीत कोण?’ मागे उभी असलेली आम्ही भावंडं एकेक करून ‘मी’ म्हणतो आणि वाण घेतो. हे पुष्कळ घरांत आहे. आमच्याकडची भर एवढीच की, वाण झालं की शेंडेफळाने आईच्या अंबाड्यात अबोलीची वेणी माळायची. अबोली परसातली, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफलेली. धाकटा भाऊ तीन वर्षांचा असल्यापासून माळतोय, आता तो बत्तीसचा आहे.

बाबा माघात गेले. यंदा पूजा झाली, वाण झालं, भाऊ वेणी घेऊन पुढे झाला आणि आत्याने त्याचा हात धरला. ‘ती आता देवाला वाह.’ आई काही बोलली नाही. तिने भावाच्या हातातून वेणी घेतली, देव्हाऱ्यात ठेवली आणि पानं वाढायला गेली.

माझं म्हणणं आहे की हे व्रत नवऱ्यासाठी नाहीच, लेकरांसाठी आहे. लेकरं आहेत, आई आहे. मग लेकरांनी माळलेलं फूल बाबांबरोबर का जावं?

सदाशिव_७१
तुमचं दुःख समजतं, पण आत्याबाईंना लगेच खलनायिका करू नका. वेणी हे आपल्याकडे सौभाग्यलेणं मानलं गेलंय. आणि फूल नाकारलेलं नाही, देवाला वाहिलंय. तुम्ही चार दिवसांनी मुंबईला परत जाणार. त्या वाडीत, त्या पाणंदीने रोज चालायचंय तुमच्या आईला. लोकांच्या नजरा त्या झेलणार. तुमचा विचार चांगला आहे, पण त्याची किंमत दुसऱ्याने का मोजायची?

सुरंगीचा वळेसर
सौभाग्यलेणं कसं? परकर-पोलक्यात होते तेव्हापासून आजी माझ्या वेणीत अबोली खोवायची. शिमग्याच्या आसपास आमच्या वेंगुर्ल्याकडे सुरंगी फुलली की पाच वर्षांच्या पोरीपासून सगळ्यांच्या डोक्यात वळेसर. लग्नाआधी जे होतं, ते लग्नाने दिलेलं नाही. मंगळसूत्राचं मी समजू शकते, ते त्याच्या नावाने गळ्यात आलं. फूल त्याच्या नावाने आलेलं नाही.

सदाशिव_७१
मुद्दा मान्य. पण रूढी अशी तर्काने चालत नाही. माणसं काय मानतात, त्यावर चालते.

कृष्णाकाठ
मग माणसं काय मानतात ते बदलू द्या की! मी शिरोळ तालुक्यातली. आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना हेच करायला सांगितलं. ठरावाने घरातली आत्या बदलते असं मी म्हणत नाही. पण हात धरणाऱ्याला ‘आता असं चालत नाही’ एवढं म्हणायला पाठीशी काहीतरी असतं. केशवपन आणि अलवण यांनाही एके काळी लोक परंपराच म्हणत होते.

जास्वंद
मी स्वतः एकोणीस वर्षं विधवा आहे, म्हणून लिहिते. आमचे ‘हे’ दर शनिवारी कामावरून येताना मोगऱ्याचा गजरा आणायचे, पानात बांधलेला. पान उघडलं की खोली भरून जायची. ते गेल्यावर मुलाने एकदा हौसेने गजरा आणला. मी नाही माळला. लोकांच्या भीतीने नव्हे. तो गजरा त्या एका हातचा होता. माझ्या या नकाराला कोणी बुरसटलेलं म्हटलं तर मला राग येईल. धागा काढणाऱ्या ताईंनी आईला विचारलंय का? सगळे आईच्या वतीनेच बोलताहेत.

सुरंगीचा वळेसर
जास्वंदताई, तुमचा नकार तुमचा आहे, त्याचा मान आहेच. पण तुमचा हात कोणी धरला नव्हता. मुलाने गजरा आणला आणि तुम्ही ठरवलंत. इथे आईपर्यंत प्रश्न पोचलाच नाही.

न्यू जर्सीहून
इथला मदर्स डे ज्या ॲना जार्विसने सुरू केला, तिने १० मे १९०८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनच्या चर्चमध्ये आपल्या दिवंगत आईच्या आवडीची ५०० पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली होती. पुढे आई हयात असेल तर रंगीत फूल आणि नसेल तर पांढरं, असा प्रघात पडला. फुलाचा रंग आईवरून ठरतो. वडील आहेत की नाहीत, हे कोणी विचारत नाही.

सदाशिव_७१
त्याच जार्विसबाई पुढे फुलांच्या धंद्याविरुद्ध जन्मभर भांडल्या, हेही सांगा. आपल्या पिठोरीला तिकडच्या आधाराची गरज नाही.

कृष्णाकाठ
बरं, आपल्याच पंचांगातलं घ्या. पिठोरीनंतर साधारण साडेतीन आठवड्यांनी पितृपक्षात अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या आईच्या नावाने आपण सवाष्ण जेवायला बोलावतो, तिची ओटी भरतो, तिला वेणी देतो. म्हणजे आई आधी गेली तर तिच्या नावाने दरवर्षी फूल. वडील आधी गेले तर समोर बसलेल्या आईला फूल नाही. मला हे सोसत नाही. कोण आधी जाणार हे त्या बाईच्या हातात होतं का?

सदाशिव_७१
याला माझ्याकडे उत्तर नाही. माझी आई बाबांच्या मागे अकरा वर्षं होती. आम्ही तिला साडी द्यायचो, फूल कधी नाही. मनातही आलं नव्हतं. तरी एक सांगतो, जबरदस्तीने नको.

परसातली अबोली
जास्वंदताई, तुमचं वाचून काल रात्री आईला फोन केला. खरंच विचारलं नव्हतं. बराच वेळ ती भाजीपाल्याचं बोलत राहिली. मग म्हणाली, ‘बाळग्याचा हात धरला तो बरा नाही केला. त्याला वाटलं मीच नको म्हटलं.’ वेणीचं विचारलं तर म्हणाली, ‘नको कुठे म्हणते? पण चारचौघांत वाद नको.’

जास्वंद
म्हणजे त्यांना हवी आहे. मग मात्र माझं म्हणणं मागे घेते. फक्त दार लावून गुपचूप माळू नका, चोरी केल्यासारखं होईल ते.

परसातली अबोली
अविधवा नवमीला काकूच्या नावाने सवाष्ण जेवते आणि आत्याही येते. त्या दिवशीची वेणी दरवर्षी आईच गुंफते. मी आणि भाऊ आदल्या दिवशी पोचतोय. आत्याशी आम्ही दोघं बोलू, आईला मध्ये घालणार नाही. ती ऐकेलच असं नाही. भावाने आजच फोनवरून परसातला फोटो मागवला. अबोली दोन वेण्यांपुरती आहे.