शब्दचर्चा : टीबी ‘उलटला’ की पुन्हा झाला?

मुचकुंद : फुप्फुसाच्या टीबीवरचे कमी मुदतीचे उपचार आणि त्यानंतरची दोन वर्षं, अशा विषयावरची पुस्तिका तपासतोय. ‘रिलॅप्स’ला सगळीकडे ‘पुनरुद्भव’ घातलंय. ऐकूनच पेशंटला धाप लागेल. दुसरं काही?

शेवंता : उलटणे! टायफॉइड उलटला, कावीळ उलटली असं घरोघरी म्हणतातच की.

बिब्बा : शब्द चोख आहे, पण सरसकट नको. जुनेच जंतू औषधांतून वाचून पुन्हा वाढले, तर टीबी उलटला. बाहेरून नवे जंतू आले, तर ती नवी लागण. खोकला तोच, बेडक्याचा रिपोर्टही तसाच पॉझिटिव्ह. जंतूंची जनुकीय ओळख आधीच्या नमुन्याशी ताडून पाहिली तरच फरक कळतो. कमी मुदतीच्या कोर्सचा सगळा निकाल यावर अडतो. उलटला तर मुदत किंवा औषधं कमी पडली. नवी लागण झाली तर त्याचं खापर कोर्सवर कसं फोडणार? २०१४ साली मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा गॅटिफ्लॉक्सासिन घातलेल्या चार महिन्यांच्या कोर्सच्या चाचण्यांचे निकाल आले. औषधं चालू असेतो सगळं छान, पण थांबल्यावर उलटण्याचं प्रमाण सहा महिन्यांच्या कोर्सपेक्षा जास्त निघालं. २०२१ मध्ये रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेला चार महिन्यांचा कोर्स मात्र सहा महिन्यांच्या तोडीचा ठरला.

मुचकुंद : मग दोन वर्षं कशाला थांबायचं?

बिब्बा : उलटायचा तो बहुतेकदा वर्षभरातच उलटतो. तरी आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात कोर्स संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तपासणी सांगितली आहे. आपल्याकडे टीबी इतका पसरलेला, की जितका उशिरा दिसेल तितका नव्या लागणीचा संशय जास्त.

शेवंता : ‘कमी मुदतीचे’वरही बोला. १९७०च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या चाचण्यांनी रिफाम्पिसिनच्या जोरावर दीड वर्षाचा कोर्स सहा महिन्यांवर आणला, तेव्हा तोच ‘शॉर्ट कोर्स’ होता. ‘डॉट्स’ या टीबीच्या उपचारपद्धतीच्या इंग्रजी नावातला शेवटचा ‘एस’ त्याचाच. आता तेच सहा महिने लांब वाटतात! पुस्तिकेत सरळ महिन्यांचा आकडा द्या.

मुचकुंद : देतो. आणि हे कसं वाटतं : ‘कोर्स संपल्यावर टीबी उलटू शकतो किंवा नव्याने लागू शकतो.’

बिब्बा : ‘लागू’ नको, औषध लागू पडल्यासारखं वाटतं. ‘नव्याने लागण होऊ शकते’ करा.