नवा कॉम्प्युटर जुळवायला मदत हवी आहे: तीन मॉनिटर, कमी आवाज, बजेट ३५ हजार

नमस्कार मंडळी, मी शहापूर, बेळगावचा. घरीच डीटीपीचं काम करतो: लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, मराठी-कन्नड दोन्ही. एका स्क्रीनवर मजकूर, दुसऱ्यावर डिझाइन, तिसऱ्यावर गिऱ्हाईकाचं व्हॉट्सअॅप. मॉनिटर तिन्ही आहेत. दोन एचडीएमआयचे, एक जुना व्हीजीएवाला. रात्री काम चालतं आणि त्याच खोलीत आई झोपते, म्हणून पंख्याची घरघर नको.

मनात रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आहे. ग्राफिक्स आतच, ६५ वॅटचा, म्हणजे वेगळं कार्ड नको आणि त्याचा पंखाही नको. पण मदरबोर्डावर मॉनिटर जोडायचे एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, व्हीजीए हे तिन्ही पोर्ट हवेत. डिस्प्लेपोर्टला एचडीएमआयची केबल लावीन. तिन्ही एकदम चालतात ना? कुणी वापरून बघितलंय?

दुकानदार म्हणतो, 'जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड घ्या, बिनपंख्याचं.' त्याला बहुतेक दोनच पोर्ट असतात, मग तिसऱ्याचं काय?

प्रोसेसरसोबत येणारा कूलर ठेवू की १२० मिमी पंख्याचा घेऊ? हार्ड डिस्क नकोच, एसएसडीच. रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन काड्या, कारण आतलं ग्राफिक्स रॅमवरच चालतं. पॉवर सप्लाय कुठला शांत, तेवढं सांगा. पुणे-कोल्हापूरहून मागवायलाही तयार आहे.