अमेरिकेतल्या काउंटी कोर्टातून घटस्फोटाच्या निकालाची सर्टिफाइड कॉपी पुण्यात बसून कशी मागवायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येते. माझा घटस्फोट २०१४ साली कॅलिफोर्नियात झाला, सॅन्टा क्लारा काउंटीच्या सुपीरियर कोर्टात. दोघांच्या संमतीने, आदळआपट न होता. काही महिन्यांनी मी पुण्याला परत आले, निकालाची फाइल आईच्या गोदरेजच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवली आणि विसरून गेले. आईचं घर आंबील ओढ्याच्या अगदी काठाला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तिथे काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. कपाट वाचलं, खालच्या कप्प्याचा लगदा झाला. साड्या धुऊन वाळवल्या, कागदांचं काय करणार?

आता मी परत लग्न करते आहे (अभिनंदनं नंतर घेईन). स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली नोटीस द्यायची आहे आणि विवाह अधिकाऱ्याकडे घटस्फोटाचा निकाल लागणार. माझ्याकडे उरलाय तो फक्त एका पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो. वर 'नोटीस ऑफ एंट्री ऑफ जजमेंट' असं लिहिलंय. केस नंबर आहे, पण शेवटचे दोन आकडे डागाखाली गेलेत.

आत्तापर्यंत केलेले उद्योग: कोर्टाच्या पोर्टलवर माझं नाव टाकून शोधलं, काही सापडलं नाही. त्या वेळच्या वकीलबाईंनी प्रॅक्टिस बंद केली आहे. एका साइटवर 'कोर्ट रेकॉर्ड, ३९ डॉलर' अशी जाहिरात दिसली, कार्डाचा नंबर टाकता टाकता हात थांबला.

आपल्या ई-कोर्ट्सवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकला की निकालाची पीडीएफ उतरवून घेता येते, तसं तिकडे होतं का? की कोणीतरी प्रत्यक्षच जायला हवं? आणि नुसती कॉपी इथे चालेल की अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून सरकार लावतं ते प्रमाणपत्र) हवं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वि.सू. पूर्वीच्या नवऱ्याला विचारता येईल, पण विचारायचं नाही. तो पर्याय कृपया सुचवू नका.

पानगळ

---

उंटावरचा शहाणा
त्यांच्याकडे कॉपी असेलच की. एक ईमेल टाकून बघा ना.

खारी बिस्कीट
@उंटावरचा, शेवटची ओळ वाचली असती तर बरं झालं असतं.

पूर्वकिनारा
पानगळ, ती ३९ डॉलरवाली साइट विसरा. असल्या साइट इकडून तिकडून गोळा केलेली माहिती विकतात. कोर्टाचा शिक्का फक्त कोर्टच देतं. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याकडेही अर्ज करू नका, त्यांच्याकडे फक्त १९६२ ते जून १९८४ मधल्या घटस्फोटांचे दाखले आहेत आणि तेही निकाल नव्हेत, नुसती नोंद. निकाल ज्या काउंटीत झाला तिथल्या सुपीरियर कोर्टाकडेच मिळणार.

बे एरियातला बाळ्या
मी सनीवेलला राहतो, या कोर्टात माझ्या स्वतःच्या कामासाठी दोनदा गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शोधाबद्दल. तुम्ही माहेरच्या आडनावाने शोधलंत का? केस तेव्हाच्या आडनावावर नोंदलेली असणार. आणि अर्ज तुमच्या तेव्हाच्या नवऱ्याने केला असेल तर त्याचं नाव टाकून पहिल्या फटक्यात सापडेल. स्पेलिंगही बदलून बघा. आपल्या आडनावांची तिकडे कशी चिरफाड होते ते तुम्हाला माहीतच असेल. माझ्या आडनावातला एक 'डी' गेली चौदा वर्षं हरवलेला आहे.

केस सापडली तरी पीडीएफ मात्र मिळणार नाही. कॅलिफोर्निया रूल्स ऑफ कोर्टचा नियम २.५०३ बघा. साध्या दिवाणी खटल्यांचे कागद घरबसल्या दिसू शकतात, पण कौटुंबिक, फौजदारी, पालकत्वाचे वगैरे कागद सर्वसामान्य माणसाला कोर्टात जाऊनच बघावे लागतात. घरून दिसते ती 'रजिस्टर ऑफ अ‍ॅक्शन्स', म्हणजे कोणत्या तारखेला काय दाखल झालं याची यादी. ही यादी मात्र फार कामाची आहे, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तुम्हाला कोणता कागद हवा ते तारखेसकट त्यावरून सांगता येतं.

आता खरी मेख. तुमच्याकडे फोटो आहे तो फॉर्म एफएल-१९० चा. ते फक्त 'निकाल नोंदवला गेला' असं कळवणारं पत्र आहे. निकाल म्हणजे एफएल-१८०, 'जजमेंट'. विवाह कोणत्या तारखेला संपला ती तारीख त्यावर असते, न्यायाधीशांची सही त्यावर असते. खूप लोक १९० जपून ठेवतात आणि १८० कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नसतं. मागताना 'एफएल-१८० आणि त्याला जोडलेलं सगळं' असं स्पष्ट मागा.

टपालानेही मागवता येतं: पत्रात दोघांची नावं, केस नंबर, कागदाचं नाव, सोबत चेक आणि स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. पुण्याहून हे करायचं तर अमेरिकन बँकेचा चेक कुठून आणणार आणि अमेरिकेचं टपाल तिकीट कुठून? त्यापेक्षा कोणीतरी ओळखीचं पाठवा. घटस्फोटाच्या निकालाच्या सर्टिफाइड कॉपीला राज्यभर १५ डॉलर आहेत.

पानगळ
बाळ्या, तुमच्या तोंडात साखर पडो! जुन्या आडनावाने केस सापडली. अर्जदार तो, मी 'रिस्पॉन्डन्ट', म्हणजे प्रतिवादी. फोटोतले शेवटचे दोन आकडे तीन आणि आठ निघाले, मी उगाच नऊ-आठ धरून बसले होते. यादीत २४-२५ नोंदी आहेत.

काळा कोट
ताई, मी पुण्यात वकिली करतो, बहुतेक कौटुंबिक प्रकरणं. वर सांगितलेलं सगळं ठीक आहे, पण फक्त एफएल-१८० मागवून थांबू नका, हे सांगायला लिहितोय.

परदेशी कोर्टाचा निकाल भारतात आपोआप चालतो असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ आडवं येतं, परदेशी निकाल कधी मानायचा नाही ते त्यात आहे. यावरचा गाजलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, १९९१ चा, वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी. आणि योगायोग बघा, तिथेही काउंटीचंच कोर्ट होतं, मिसुरी राज्यातल्या सेंट लुई काउंटीचं सर्किट कोर्ट. लग्न तिरुपतीला झालेलं. नवऱ्याने तिकडे 'विवाह मोडलेला आहे' या कारणावर घटस्फोट मिळवला. बायकोने इकडून हरकत कळवली, तिकडे गेली नाही, तिच्या गैरहजेरीत निकाल लागला. त्याने दुसरं लग्न केलं आणि बायकोने द्विभार्येची फिर्याद केली. सर्वोच्च न्यायालयाने तो अमेरिकन निकाल मानला नाही. तिकडचं कारण हिंदू विवाह कायद्यात बसत नव्हतं आणि बायकोने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केलेला नव्हता.

तुमच्याकडेही कारण 'इररिकन्सिलेबल डिफरन्सेस' (न मिटणारे मतभेद) हेच असणार, कॅलिफोर्नियात बहुतेक सगळ्यांचं तेच असतं. तेही आपल्या कायद्यात नाही. पण त्याच १९९१ च्या निकालात वाट ठेवलेली आहे: समोरच्या पक्षाने स्वखुशीने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला आणि घटस्फोटाला संमती दिली, तर निकाल मानता येतो. म्हणून तुमच्या संमतीचा कागद हातात हवा. दोघांच्या सह्यांचा सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट निकालाला जोडलेला आहे का? आणि तुम्ही हजेरी लावल्याचा, म्हणजे उत्तर किंवा संमतीचा फॉर्म यादीत दिसतो का?

पानगळ
वाचून पोटात गोळा आला. यादीत 'अपीअरन्स, स्टिप्युलेशन्स अँड वेव्हर्स' अशी एक नोंद आहे, २०१३ ची. वकीलबाईंच्या ऑफिसात एका दुपारी पाच-सहा ठिकाणी सह्या केल्या होत्या, त्यातलाच असेल. तेव्हा काय वाचलं होतं मी, कप्पाळ.

काळा कोट
घाबरू नका, तोच तो! फॉर्म एफएल-१३०. त्याचीही सर्टिफाइड कॉपी घ्या. अपोस्टील दोन्हीवर. भारत २००५ पासून अपोस्टील करारात आहे, त्यामुळे वेगळं दूतावासाचं साक्षांकन लागत नाही. एवढं असूनही अधिकाऱ्याने हरकत काढलीच, तर फॅमिली कोर्ट्स अ‍ॅक्ट १९८४ च्या कलम ७ खाली वैवाहिक स्थिती जाहीर करून घेण्याचा दावा करता येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तो शेवटचा उपाय.

खारी बिस्कीट
अवांतर: पासपोर्टवर आडनाव कोणतं आहे? एफएल-१८० वर पूर्वीचं नाव परत दिल्याचा एक रकाना असतो. माझ्या बहिणीच्या वेळी त्यावर खूण करायची राहिली होती. नंतर एफएल-३९५ भरून नाव परत घ्यावं लागलं. तुमची खूण आहे का ते पाहून घ्या.

बे एरियातला बाळ्या
पानगळ, ओळखीचं कोणी नसेल तर मी जातो. गुरुवारी माझी सुट्टी आहे. अधिकारपत्र वगैरे काही लागेलसं वाटत नाही, हे सार्वजनिक रेकॉर्ड आहे, तरी एक सही केलेलं पत्र स्कॅन करून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पानगळ
व्यनि केला. खरंच काय बोलू.

बे एरियातला बाळ्या
वृत्तांत. सॅन होजेला नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवर फॅमिली जस्टिस सेंटर आहे, २०१६ मध्ये सुरू झालं, आता कौटुंबिक काम तिथेच चालतं. तुमची केस झाली तेव्हा ही इमारत नव्हती, त्यामुळे तुमच्या आठवणीतल्या पत्त्यावर कोणाला पाठवलं असतंत तर हेलपाटा पडला असता.

दारात विमानतळासारखी तपासणी. माझ्या किल्ल्यांना एक बोटभर चाकू आहे, आंबे कापायला, तो परत गाडीत ठेवून आलो. आत टोकन घेऊन बसायचं. बाजूला सार्वजनिक कॉम्प्युटर आहेत, तिथे कागद बघता येतात. मी तिथेच एफएल-१८० उघडून खात्री केली: तारीख आहे, सेटलमेंट जोडलेला आहे, दोघांच्या सह्या आहेत, आणि हो, खारी बिस्कीट, नावाच्या रकान्यात खूण आहे.

खिडकीवरच्या बाईंना मी विचारलं, हे भारतात चालेल ना? त्या हसून म्हणाल्या, कायदेशीर सल्ला आम्ही देत नाही. बरोबरच आहे, सगळीकडे हेच ऐकायला मिळतं. पण 'अपोस्टीलसाठी हवं आहे' एवढं सांगितल्यावर त्यांनी सही-शिक्का त्या हिशोबाने केला. हे आधीच सांगायचं असतं, बरं का.

हिशोब: निकालाची कॉपी १५ डॉलर. एफएल-१३० हा वेगळा कागद, त्याला पानाला ५० सेंट आणि सर्टिफिकेशनचे ४० डॉलर. पुढे सॅक्रामेंटोला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे अपोस्टील प्रत्येकी २० डॉलर, टपालाने पाठवतोय. सोबत कोणत्या देशासाठी हवं ते लिहिलेलं पत्र आणि परतीचं पाकीट. प्रत्यक्ष गेलं तर प्रत्येक वेगळ्या अधिकाऱ्याच्या सहीमागे सहा डॉलर जास्त घेतात, पण सॅक्रामेंटोच्या पेट्रोलचा खर्च धरला तर टपालच परवडतं. पैशांचं नंतर बघू, लग्नाचे पेढे पाठवा.

एक कळकळीची विनंती. कागदांना कोपऱ्यात पिना मारलेल्या आहेत. स्कॅनसाठी म्हणून त्या अजिबात काढू नका. पिन उचकटलेली दिसली की पानं बदलल्याची शंका येते, आणि मग परत पहिल्यापासून.

पानगळ
अपडेट देते. पाकीट काल आलं. उघडल्यावर आधी आईने त्या अपोस्टीलच्या शिक्क्यावरून बोट फिरवून पाहिलं. फाइल आता माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. ओढा तिथवर आला तर बघू.

आज सकाळी नोटिशीसाठी झेरॉक्स काढायला गेले. दुकानातल्या मुलाने गठ्ठा हातात घेतला, पानं सुटी करायला पिन काढायचं ते यंत्र उचललं, आणि मी इतक्या जोरात "अरे थांब!" म्हणून ओरडले की मागे उभे असलेले एक आजोबा आपली आधार कार्डं घेऊन दोन पावलं मागे सरकले. मग मुलाने एकेक पान दुमडून काचेवर धरलं. झेरॉक्स तिरक्या आल्यात, पण पिना जागेवर आहेत.

नोटीस घेतली गेली. आता तीस दिवस.