प्रक्षोभक, चिथावणीखोर, भडकाऊ: एकच का?

रात्रपाळी: काल एक बातमी हाताखाली आली. सभेत वक्ता म्हणाला, 'असल्यांना एक दिवस ठोकूनच काढावं लागेल.' वार्ताहराने 'प्रक्षोभक भाषण' लिहिलं होतं, मी 'चिथावणीखोर' केलं, वरिष्ठांनी 'भडकाऊ' करून पान सोडलं. तिन्ही शब्द खरंच सारखे आहेत का?

पडवीतली वहिनी: भडकणं आपलंच, पण 'भडकाऊ' हा हिंदी वाहिन्यांचा थाट. आमच्याकडे डिवचणं वेगळं, चिथावणं वेगळं. मी तुम्हाला डिवचलं तर तुम्ही माझ्याच अंगावर येणार. चिथावलं तर तिसऱ्याच्या अंगावर जाणार आणि मी पडवीत सुपारी कातरत मजा बघणार. फूस लावणं म्हणजे चिथावणीचं चोरटं भावंड.

रात्रपाळी: आणि प्रक्षोभक?

काळा कोट: वहिनींनी निम्मं काम केलं. प्रक्षोभ ऐकणाऱ्याच्या मनात होतो, चिथावणी बोलणारा देतो. चिथावणीला 'कोणाला' आणि 'कशासाठी' ही दोन्ही उत्तरं लागतात. 'त्याने चिथावणी दिली' एवढ्यावर वाक्य पुरं होत नाही, कोर्टातही नाही. भाषण ऐकून लोक खवळले, एवढ्याने ती सिद्ध होत नाही. (समाजासमाजांत वैर वाढवण्याचं कलम निराळं. ते इथे नको.)

संविधानाच्या कलम 19(2) मध्ये, म्हणजे भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालायची कारणं सांगणाऱ्या कलमात, 1950 साली अपराधाच्या चिथावणीचा उल्लेखच नव्हता. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या हद्दीत बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती उठवली. लगेच 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीत 'सार्वजनिक सुव्यवस्था' आणि 'अपराधाची चिथावणी' ही कारणंही आली. त्याच दुरुस्तीत निर्बंधांना 'वाजवी' हे विशेषणही जोडलं गेलं, ते लोक विसरतात.

2015 च्या श्रेया सिंघल निकालात न्यायालयाने तीन पायऱ्या सांगितल्या. चर्चा, पुरस्कार (एखादं मत उचलून धरणं) आणि चिथावणी. पहिल्या दोन पायऱ्यांवरचं मत कितीही कडू असो, ते बोलायची मोकळीक. तिसऱ्या पायरीवर पाय पडला की निर्बंधाचा प्रश्न येतो. या खटल्याचं निमित्त आपल्याच पालघरचं. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारं आयटी कायद्याचं 66 अ कलम याच निकालाने गेलं.

पडवीतली वहिनी: म्हणजे 'या कुत्र्याने चावायलाच हवं' असं म्हणणं हा पुरस्कार, आणि साखळी सोडून 'छू' म्हणणं ही चिथावणी.

काळा कोट: चाळीस वर्षं वकिली करून मला हे इतकं सोपं सांगता आलं नाही.

शंकासुर: पण पुढारी हुशार असतो हो. तो छू म्हणतच नाही, नुसती शीळ घालतो. 'बघा बुवा, आता तुम्हीच ठरवा.' याला काय म्हणाल?

काळा कोट: म्हणून शब्दाबरोबर प्रसंगही बघतात. कोण बोललं, कुठे, समोर कोण होतं, पुढे काय झालं. बलवंत सिंग खटला घ्या. 31 ऑक्टोबर 1984, इंदिरा गांधींची हत्या झाली तो दिवस, चंदीगडचा गजबजलेला भाग. दोघांनी 'खलिस्तान झिंदाबाद'च्या घोषणा दिल्या. याहून वाईट वेळ शोधून सापडायची नाही. तरी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. एकदोनदा दिलेल्या घोषणा, गर्दीतून काही प्रतिसाद नाही, तेव्हा राजद्रोह नाही. तुमच्या शिळेचा हिशेब मात्र उलटाही लागू शकतो. शब्द मऊ, पण समोर काठ्या घेतलेला जमाव.

सीताबर्डी: आमच्या नागपूरचं राहिलंच. 1946 साली नागपूर हायकोर्टाचे न्या. विवियन बोस यांनी लिहिलं की शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, धीट माणसाच्या मापाने. प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत माणसाच्या नाही. मार्च 2025 मध्ये कवी आणि काँग्रेस नेते इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा एफआयआर रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच माप पुन्हा काढलं.

रात्रपाळी: टिळकांच्या वेळी हे माप नव्हतं?

काळा कोट: कुठलं हो! 1897 च्या राजद्रोह खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं, कलमातलं डिसअफेक्शन म्हणजे अफेक्शनचा अभाव. आपल्या भाषेत अप्रीती. सरकारवर प्रेम नाही म्हणून दीड वर्षं सक्तमजुरी. पुढच्याच वर्षी कलमात दुरुस्ती करून 'शत्रुत्वाची भावना' वगैरे खुलासा घालावा लागला.

1908 चा खटला तर शब्दचर्चाच. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे 'केसरी'तले बाँबप्रकरणावरचे अग्रलेख मराठी, ज्युरीत 7 युरोपीय आणि 2 पारशी. त्यांच्यापुढे सरकारी भाषांतर. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी केली आणि 21 तासांवर चाललेल्या भाषणात भाषांतर कसं विपरीत आहे ते ज्युरीला सांगितलं. 7 विरुद्ध 2 ने दोषी, 6 वर्षं मंडाले.

शंकासुर: पण बाँबची कारणं सांगणं आणि बाँबचा पुरस्कार करणं यातलं अंतरही तसं बारीकच ना?

काळा कोट: बारीक आहे, पण आहे. कारण सांगणं ही तर पुरस्काराच्याही अलीकडची पायरी. सर्वोच्च न्यायालयाच्या 1962 च्या केदारनाथ निकालाने राजद्रोहाचं कलम हिंसेची चिथावणी किंवा गोंधळ माजवण्याचा हेतू अथवा कल यापुरतं आखडलं, पण त्याला 1908 नंतर 54 वर्षं जावी लागली.

सीताबर्डी: आणि कृपा करून राजद्रोहाला देशद्रोह लिहू नका. राजा गेला तरी द्रोह राज्यसंस्थेशी होता, देशाशी नाही. आता दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते नावच नाही, 152 कलम आहे. बातम्यांत मात्र देशद्रोह छापून येतोच.

पडवीतली वहिनी: पण सभेतल्या वक्त्याच्या मूळ वाक्याचं काय? 'एक दिवस ठोकूनच काढावं लागेल.'

काळा कोट: 'एक दिवस' म्हणजे कधी, ठोकायचं कोणी, ते सांगितलेलं नाही. एवढंच वाक्य असेल तर मी पुरस्कार म्हणेन. नंतर 'चला' म्हणाला का, ते वार्ताहराला विचारा.

रात्रपाळी: विचारलं. 'चला' म्हणाला, पण जेवायला. वरिष्ठांना 'हिंसेचा पुरस्कार' असा मथळा सुचवला. ते म्हणाले, लोकांना वाटेल बक्षीस मिळालं.