एकोणिसाव्या वर्षी फुटबॉलच्या स्ट्रायकरने कोणता करार स्वीकारावा? (नागपूर)

धंतोलीचा मामा

नमस्कार. माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. मोतीबागच्या रेल्वे मैदानावर जिल्हा लीगचे सामने खेळत तो मोठा झाला आणि गेल्या हंगामात मुंबईतील एका संघाकडून पहिल्यांदा व्यावसायिक करारावर खेळला. तो मधला स्ट्रायकर आहे. चेंडू पायाशी ठेवून दोघातिघांना चकवणे हा त्याचा खेळ नाही; बचावपटूच्या पाठीमागून नेमक्या क्षणी निसटणे आणि पहिल्याच स्पर्शात गोलकडे फटका मारणे ही त्याची खरी ताकद आहे.

आता त्याच्यासमोर दोन करार आहेत. पहिला आयएसएलमधील (इंडियन सुपर लीग, देशातील अव्वल फुटबॉल लीग) एका क्लबचा असून तो तीन वर्षांचा आहे आणि पगारही चांगला आहे. मात्र सुरुवातीला त्याने राखीव संघाकडून डेव्हलपमेंट लीग (तरुण खेळाडूंची स्पर्धा) खेळावी आणि उजव्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळायची तयारी ठेवावी, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरा आय-लीगमधील, म्हणजे सध्या आयएसएलच्या खालच्या स्तराच्या लीगमधील, क्लबचा आहे. त्याची मुदत एकच वर्ष आहे आणि पैसे बरेच कमी आहेत, परंतु तेथील प्रशिक्षक त्याला मध्यभागीच खेळवू इच्छितात. ताई आणि भाऊजींचा कल पहिल्याकडे आहे, तर मुलाचा दुसऱ्याकडे. तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, हेही लक्षात घ्यावे लागेल. शिवाय एका गृहस्थांनी आगाऊ पैसे भरल्यास युरोपात ट्रायल मिळवून देतो, असे सांगितले आहे.

फॉरवर्डच्या कारकिर्दीत या वयात सर्वांत महत्त्वाचे काय असते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

कामठीचे प्रशिक्षक

मामा, मी बरीच वर्षे कामठी आणि नागपूरच्या मुलांना फुटबॉल शिकवत आहे, म्हणून माझे मत आधीच स्पष्ट सांगतो: मुलाचा कल बरोबर आहे, मात्र त्याला दोन अटी जोडाव्या लागतील. त्या शेवटी सांगतो.

भारतीय स्ट्रायकरची अडचण अशी आहे की ज्या जागेवर त्याने शिकायचे, तीच जागा क्लब सर्वांत आधी परदेशी खेळाडूला देतात. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत. २०१७ पासून ही संख्या पाच झाली आणि २०२१-२२ च्या हंगामापासून चार. नियम बदलत गेला तरी त्या चारांपैकी एक जण बहुतेक संघांत नऊ नंबरच्या, म्हणजे मधल्या स्ट्रायकरच्या, जागीच असतो, कारण गोल करणारा माणूस क्लबला आज हवा असतो आणि भारतीय मुलगा घडायला तीन वर्षे लागतात. परिणामी आपल्या चांगल्या फॉरवर्ड मुलांना कडेला सरकवले जाते. तिथे त्यांना धावावे लागते, परत येऊन बचावाला मदत करावी लागते, क्रॉस द्यावे लागतात. गोलसमोर उभे राहून चुकायची आणि त्यातून शिकायची संधी मात्र त्यांना मिळत नाही. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये भारतीयांपैकी सर्वाधिक, म्हणजे १४ गोल चाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीने केले. या आकड्याबद्दल छेत्रीचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे, पण त्याच्या मागून आलेल्या पिढीला मध्यभागी किती कमी खेळायला मिळाले हेही त्यातूनच दिसते.

छेत्रीची स्वतःची वाटचाल या दृष्टीने नीट पाहावी. २००२ मध्ये तो मोहन बागानसारख्या मोठ्या क्लबमध्ये गेला, पण गोल करणारा खेळाडू म्हणून त्याचे नाव झाले ते २००५ नंतर, पंजाबच्या जेसीटी संघात. २०१० मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी आणि २०१२ मध्ये पोर्तुगालमधील स्पोर्टिंगचा राखीव संघ, हे दोन्ही प्रयत्न मानाचे होते. तरी तिथे त्याला फारसे सामने मिळाले नाहीत. २०१३ मध्ये तो बंगळुरू या अगदी नव्या क्लबमध्ये आला, आक्रमणाची सारी जबाबदारी त्याच्याकडे आली, आणि पहिल्याच हंगामात क्लबने आय-लीग जिंकली. उंची बेताची असूनही तो हेडरने इतके गोल कसे करतो, असे मुले मला विचारतात. चेंडू कुठे पडणार हे बचावपटूच्या आधी ओळखण्याची सवय त्याला आहे, आणि ती सवय केवळ सरावाच्या मैदानावर लागत नाही. त्यासाठी शेकडो सामन्यांत त्या जागेवर उभे राहावे लागते.

आपल्या राज्यातील उदाहरण द्यायचे तर कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत होता. तो नंतर इंडियन अ‍ॅरोजकडून आय-लीग खेळला आणि पुढे जमशेदपूर व हैदराबाद या आयएसएल क्लबांत गेला, पण तिथे त्याचा उपयोग प्रामुख्याने विंगवर झाला. त्यात त्याचा काही दोष नाही. अ‍ॅरोज हा भारतीय फुटबॉल महासंघाचा तरुण खेळाडूंचा संघ होता आणि त्यात एकही परदेशी खेळाडू नसे, त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना अनुभवी बचावपटूंसमोर आपल्या जागेवर खेळता येत असे. रहीम अली आणि विक्रम प्रताप सिंग हेही त्याच संघातून पुढे आले. २०२२ मध्ये तो संघ बंद झाला आणि ती जागा आजवर नीट भरून निघालेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. डेव्हलपमेंट लीग चांगली स्पर्धा आहे. पण तिथे मुलगा आपल्याच वयाच्या बचावपटूंशी खेळतो. तिशीतला, अनुभवी, कोपर कुठे लावायचे हे जाणणारा सेंटर-बॅक (मधला बचावपटू) त्याला आय-लीगमध्येच भेटेल.

आता अटी. पहिली अशी की, त्या प्रशिक्षकांना तुम्ही स्वतः विचारावे की संघात परदेशी स्ट्रायकर किती आहेत, भाचा त्यांच्या क्रमवारीत कितवा आहे, आणि गेल्या हंगामात त्यांनी एकवीस वर्षांखालील खेळाडूंना प्रत्यक्ष किती मिनिटे खेळवले. ‘मधे खेळवू’ हा शब्द सगळेच देतात. मिनिटांचा हिशेब मात्र कागदावर सापडतो. दुसरी अट शरीराची आहे. आपल्या मुलांची वाढ काळ्या मातीच्या मैदानांवर होते, जी मे महिन्यात दगडासारखी टणक असतात आणि जुलैत चिखल. तिथून एकदम कृत्रिम गवतावर रोज सराव सुरू झाला की गुडघे आणि घोटे तक्रार करू लागतात. म्हणून क्लबकडे पूर्णवेळ फिजिओ आहे की नाही, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

वर्धा रोड, वकील

खेळाबद्दल सरांनी सांगितलेच आहे, मी फक्त कागदांबद्दल लिहितो.

तीन वर्षांच्या करारात ‘मुदतवाढीचा पर्याय’ असे कलम आहे का, हे आधी पाहावे. हा पर्याय केवळ क्लबच्या हातात असेल, तर मुलगा तीनऐवजी चार किंवा पाच वर्षे अडकू शकतो आणि त्या काळात त्याला खेळवण्याचे कोणतेही बंधन क्लबवर राहत नाही. हाच करार स्वीकारायचा असल्यास, ठरावीक सामने न मिळाल्यास त्याला दुसऱ्या क्लबकडे लोनवर, म्हणजे तात्पुरते खेळायला, पाठवले जाईल, हे लेखी घ्यावे. दुखापतीच्या काळातील पगार, शस्त्रक्रियेचा खर्च आणि विमा यांची कलमे स्वतंत्र आणि स्पष्ट असावीत. पगार थकल्यास काय, हेही मुलाला माहीत हवे: फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडू क्लबला लेखी सूचना देऊन पंधरा दिवसांची मुदत देऊ शकतो आणि तरीही पैसे न मिळाल्यास योग्य कारणासह करार संपवू शकतो. हे कलम कोणत्याही लीगमधील मुलाला उपयोगी पडते. २०२५ च्या जुलैत महासंघ आणि लीगच्या व्यावसायिक भागीदारातील हक्क-कराराचा प्रश्न न सुटल्यामुळे आयएसएलचा हंगाम थांबला, तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंचे पगारही थांबवले होते. तेव्हा मोठ्या लीगचा करार म्हणजे आपोआप सुरक्षितता, असे ताई-भाऊजींनी कृपया समजू नये.

युरोपच्या ट्रायलसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या व्यक्तीला एक रुपयाही देऊ नका. फिफाने २०२३ पासून एजंटांसाठी परीक्षा आणि परवाना पुन्हा सक्तीचा केला असून परवानाधारकांची नावे फिफाच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतात. परवाना असलेल्या एजंटाशीही खेळाडूचा करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असू शकत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या गावच्या हिताची आहे. मुलाची बाराव्या वर्षापासूनची नोंदणी कोणत्या क्लबकडे होती, याची कागदपत्रे जुळवून ठेवा. पुढे कधी त्याचे शुल्क घेऊन परदेशी क्लबकडे हस्तांतर झाले, तर त्या रकमेतील ५ टक्के वाटा त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये विभागला जातो. नागपूरच्या लहान क्लबांना हा हक्क अनेकदा नोंदी नसल्यामुळेच मिळत नाही.

मानकापूर

मला सरांचे मत पूर्ण पटत नाही, म्हणून लिहीत आहे. आयएसएल क्लबमध्ये रोज वरिष्ठ संघाबरोबर सराव मिळत असेल, तर त्याचे मोल कमी लेखू नये. व्हिडिओ विश्लेषण, आहारतज्ज्ञ, व्यायामाचा आखीव कार्यक्रम आणि चांगल्या परदेशी बचावपटूंशी दररोज पडणारी गाठ यांतून दोन वर्षांत मुलगा बदलतो. विंगवर खेळणे हीही शिक्षा नव्हे. लालियानझुआला छांगटे कडेनेच खेळतो, आणि २०२२-२३ मध्ये मुंबई सिटीकडून तो आयएसएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

बी.ए. मात्र पूर्ण करावे, यावर दुमत नसावे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि रेल्वेतही क्रीडा कोट्यातून भरती होते. त्यासाठी पदानुसार शैक्षणिक पात्रता आणि मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रे दोन्ही लागतात, म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावे.

कामठीचे प्रशिक्षक

छांगटेचे उदाहरण योग्य आहे, परंतु तो मुळातच वेगवान, कडेने चेंडू घेऊन जाणारा खेळाडू आहे. मामांनी भाच्याचे जे वर्णन केले आहे, ते वेगळ्या प्रकारच्या खेळाडूचे आहे. ज्याची ताकद बॉक्समध्ये आहे त्याला टचलाइनजवळ उभे केले, तर त्याच्या उणिवाच सर्वांना दिसतील आणि तिसऱ्या वर्षी क्लब त्याला त्याच उणिवांसाठी सोडून देईल. दररोजच्या सरावाच्या दर्जाबद्दल मात्र मानकापूरच्या मित्राचे म्हणणे मान्य आहे. आय-लीगच्या क्लबमध्ये तो दर्जा नसेल, तर व्यायाम आणि आहाराचा खर्च घरून उचलावा लागेल, हे भाऊजींना आत्ताच सांगून ठेवा.

धंतोलीचा मामा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री ताई, भाऊजी आणि भाचा यांच्यासोबत बसून हे सारे वाचले. एजंट म्हणवणाऱ्या गृहस्थांना भाऊजींनी फोन करून स्पष्ट नकार दिला. आयएसएल क्लबला आम्ही दोनच गोष्टी लेखी विचारत आहोत: मुदतवाढीचा पर्याय दोन्ही बाजूंच्या संमतीने ठेवता येईल का, आणि पहिल्याच वर्षी आय-लीगमध्ये लोनवर पाठवण्याचे कलम घालता येईल का. तसे झाल्यास पगार, सराव आणि सामने तिन्हींचा मेळ बसतो. त्यांनी नकार दिला, तर भाचा दुसरा करार स्वीकारेल. भाऊजीही आता त्याला राजी आहेत. त्या क्लबच्या प्रशिक्षकांना मिनिटांचा हिशेब मागितला आहे. एकच शंका उरली आहे: परीक्षा आणि हंगाम एकाच वेळी आले, तर काय करावे?

मानकापूर

सामन्यांचा कार्यक्रम जाहीर होताच त्याची प्रत घेऊन महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना भेटा आणि क्लबचे पत्र सोबत न्या. विनंती अर्ज परीक्षेच्या आधी द्यावा, नंतर दिल्यास अडचण होते. करारातही परीक्षेच्या दिवसांसाठी रजेची एक ओळ घालून घ्या. क्लबांना त्यात सहसा हरकत नसते.