अनुभव सांगा : जीटीए ऑनलाइन या खेळातली उडती दुचाकी 'ऑप्रेसर मार्क टू' खरोखरच अवाजवी ताकदीची होती का?

शेवटचा_थांबा (धागाकर्ता)
काल रात्री बऱ्याच महिन्यांनी जीटीए ऑनलाइन उघडले, सार्वजनिक सेशनमध्ये (जिथे अनोळखी खेळाडूही असतात) माल घेऊन निघालो आणि कोणीतरी क्षेपणास्त्राचा नेम धरल्याची ती टी-टी-टी वाजू लागली. मागे वळून पाहण्याआधीच मी मनाने २०१९मध्ये जाऊन पोहोचलो होतो. तेव्हा मी एकट्याने मोटरसायकल क्लबचा, म्हणजे खेळातल्या माझ्या टोळीचा, माल पोस्ट ऑप या खेळातल्या कुरियर कंपनीच्या संथ गाडीतून पोहोचवत होतो. ती गाडी चढावर किती जोराने धावते, हे ज्यांनी चालवली आहे त्यांना सांगायला नको. एकच थांबा उरलेला असताना आकाशातून एक उडती दुचाकी आली, एक क्षेपणास्त्र सुटले आणि तासन्तास साठवलेला माल धुरात गेला. मारणाऱ्याला त्यातले काहीही मिळाले नाही, ही गोष्ट मला आजही अधिक खुपते.

ही दुचाकी ऑगस्ट २०१८मध्ये आल्यापासून तिच्यावर वाद चालू आहे. आपापले अनुभव लिहावेत. तिची बाजू घेणाऱ्यांचेही स्वागत आहे.

मंदगती
माझीही पोस्ट ऑपचीच गाडी होती. याहून अधिक लिहिण्याची आवश्यकता वाटत नाही.

कोष्टकप्रेमी
तिच्या एकेका गुणाकडे सुटे पाहिले, तर त्यात जगावेगळे काही नव्हते. क्षेपणास्त्रे २० होती, पण डीलक्सो या उडत्या मोटारीकडे ३० होती. ती उडत होती, पण बझार्ड हेलिकॉप्टरही उडत होते. मात्र इतका वेग, इतका अचूक पाठलाग करणारी क्षेपणास्त्रे आणि कोणत्याही गल्लीत उतरण्याची सोय हे सारे एकाच वाहनात एकवटले होते. शिवाय ती नष्ट झाली तरी टेररबाइट या ट्रकच्या यादीतून पुन्हा मागवता येत असे आणि थोड्याच वेळात नवी कोरी दुचाकी भरलेल्या क्षेपणास्त्रांसह शेजारी उभी राहत असे. हरण्याची किंमत जवळजवळ शून्य असेल, तर त्या वाहनाला ताकदवान म्हणण्यासाठी आणखी कोणते मोजमाप लावायचे?

एकटी_स्वार
मी तिच्या बाजूने लिहिते आहे, त्यामुळे दगड जरा बेताने मारावेत. मला रात्री जेमतेम तासभर खेळायला मिळते आणि माझा कोणताही गट नाही. नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माल शोधत फिरायचे असेल, तर एकट्या खेळाडूसाठी याहून सोयीचे वाहन नव्हते. तिला चिलखत नाही, स्वार पूर्ण उघड्यावर बसतो आणि हेवी स्नायपर मार्क टू या बंदुकीची एकच स्फोटक गोळी तिला पुरते. मी तिच्यावरून चार वर्षांत एकाही खेळाडूवर नेम धरला नाही, तरीही मी दिसताच लोक गोळ्या झाडत, कारण या दुचाकीला सारे 'झाडू' म्हणत आणि झाडूवर बसलेली प्रत्येक व्यक्ती चेटकीणच असणार, असे सर्वांनी आधीच ठरवून टाकले होते.

मंदगती
एकटी_स्वार यांची मनापासून क्षमा मागतो. त्या गोळ्या झाडणाऱ्यांमध्ये मी नक्कीच असणार.

पूर्वाश्रमीचा_खलनायक
आता कबूल करायला हरकत नाही. मी तो झाडूवाला होतो. धागाकर्ते विचारतात की मारणाऱ्याला काय मिळत होते. सांगण्यासारखे काहीच मिळत नव्हते, पण काही जातही नव्हते आणि ज्याच्यावर नेम धरायचा, त्याला त्या अवजड गाडीतून उलट वारही करता येत नव्हता. एकदा मी सवयीने एका काळ्या गाडीच्या मागे लागलो आणि ती पूर्ण चिलखत चढवलेली नाइटशार्क आहे, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. विसाच्या वीस क्षेपणास्त्रे तिच्यावर रिकामी केली, तरी ती धावतच राहिली. नंतर चालक थांबला, शांतपणे खाली उतरला आणि त्याने एका गोळीत मला जमिनीवर आणले. त्या दिवशी लक्षात आले की लढाई अशी मी तोवर कधी केलीच नव्हती.

कोष्टकप्रेमी
म्हणजे आपण माझ्याच मुद्द्याचा पुरावा दिलात.

एकटी_स्वार
माझ्याही मुद्द्याचा दिला. त्या चालकाने वाहन नीट निवडले आणि दुचाकी हरली.

कोष्टकप्रेमी
मान्य आहे, परंतु मालाची गाडी निवडण्याचा अधिकार खेळाडूला नसतो. खेळ जी देईल तीच चालवावी लागते. नाइटशार्कमध्ये माल भरता आला असता, तर हा धागाच निघाला नसता.

जुना_वैमानिक
अगदी हेच भांडण मी बॅटलफील्ड २मध्ये पाहिले आहे. २००५चा तो खेळ, आणि जे-१० विमानावर बसलेला एक मुरलेला वैमानिक अख्ख्या फेरीचा निकाल फिरवीत असे. मात्र ते विमान आधी कोण पळवतो यावर चुरस असे आणि ते नीट उडवायला कित्येक आठवडे घालवावे लागत. इथे पहिल्याच दिवशी कोणालाही सहज नेम साधता येत होता आणि सेशनमधल्या प्रत्येकाकडे स्वतःची दुचाकी असू शकत होती. तरबेज खेळाडूकडून मरण्याचे मला कधी वाईट वाटले नाही. (लिखाण अर्धवट सोडतो आहे, दारावर कोणीतरी आले आहे.)

बंद_सेशन
जुलै २०२२च्या 'द क्रिमिनल एंटरप्रायझेस' अद्यतनात तिच्या क्षेपणास्त्रांची पाठलाग करण्याची क्षमता बरीच कमी केली गेली, हे सर्वांच्या लक्षात आहे. परंतु माझ्या मते वाद मिटवणारा खरा बदल त्याच अद्यतनातला दुसरा होता : निमंत्रितांपुरत्या सेशनमध्ये माल विकण्याची मुभा मिळाली. ती मिळाल्यापासून मी सार्वजनिक सेशनमध्ये माल घेऊन फिरकलेलो नाही. शिकार मैदानातून निघून गेल्यावर शिकाऱ्याच्या बंदुकीची ताकद मोजण्यात फारसा अर्थ राहत नाही.

त्याच वर्षअखेरीस तिची किंमत खेळातल्या ३८,९०,२५० डॉलरांवरून थेट ८० लाखांवर नेली, तो निर्णय मात्र मला अजिबात पटलेला नाही. ज्यांनी आधी उच्छाद मांडला, त्यांच्या दुचाक्या त्यांच्याकडेच राहिल्या आणि नव्या खेळाडूला तेवढी ती महाग झाली.

एकटी_स्वार
शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत.

पाणबुड्या
दुचाकीचे दात काढल्यावर उपद्रव करणारे थांबले, असे कोणाला वाटत असेल, तर त्यांनी टोरिअडोर या मोटारीकडे पाहावे. तिची क्षेपणास्त्रे संपत नाहीत, ती पाण्याखालूनही चालते आणि वेगाचा झटका वरचेवर मारता येतो. उद्या तिच्यावरही असाच धागा निघेल आणि तेव्हा मला तिच्या बाजूने लिहावे लागेल, कारण माझ्याकडे ती आहे.

मंदगती
धागाकर्ते, काल ती टी-टी-टी वाजली, तेथपर्यंत सांगून आपण २०१९मध्ये निघून गेलात. मालाचे पुढे काय झाले?

शेवटचा_थांबा (धागाकर्ता)
लिहायचे राहूनच गेले. ती ऑप्रेसर मार्क टूच होती. पहिली दोन क्षेपणास्त्रे मी वळण घेताच सरळ निघून गेली आणि तिसरे एका दिव्याच्या खांबावर आदळले. चौथे सुटण्याच्या आत मी बोगद्यात शिरलो. तो स्वारही त्याच वेगाने माझ्या मागे आला, परंतु बोगद्याच्या तोंडापेक्षा हातभर वरून.